अध्यक्षांचं पत्र आलंय, त्यात नेमकं काय लिहिलंय? कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सत्राच्या तोंडावर इथल्या कम्युनिटी कॉलेजांचे अध्यक्ष एक पत्र धाडतात. नावनोंदणी किती झाली, राज्याकडून पैसे किती येणार, कॅम्पसवर काय सुरू होतंय, काय बंद पडतंय. साउथ बेमधल्या (सॅन होजेच्या आसपासच्या) आमच्या ओळखीच्या मराठी घरांत हे पत्र बहुधा न उघडताच खाली सरकतं आणि मग ऑगस्टमध्ये फोन येतो, "अगं, याचा केमिस्ट्रीचा क्लासच रद्द झालाय, आता कुणाला गाठायचं?" माझा मुलगा याच वाटेने गेला, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात : मंडळाच्या गणपतीत, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांकडून तर रोजच. माझे वडील, आमचे दादा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. हे पत्र मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा वाटलं, हे तर दादांचं पटाचं रजिस्टर! तेव्हापासून ते मला कळायला लागलं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं ज्युनियर कॉलेजच ना?

नाही, पण गोंधळ होणं साहजिक आहे, कारण इथेही पूर्वी ‘ज्युनियर कॉलेज’च म्हणायचे. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ सालचं, कॅलिफोर्नियातलं पहिलं १९१० साली फ्रेझ्नोला निघालं. आपलं ज्युनियर कॉलेज अकरावी-बारावीचं; इथलं बारावीनंतरचं. चार वर्षांच्या पदवीतली पहिली दोन वर्षं इथे करायची आणि उरलेली दोन यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी). या पुढच्या उडीला ट्रान्सफर म्हणतात. शिवाय नर्सिंग, गाडीदुरुस्ती, अकाउंटिंग, बालवाडी शिक्षिकेचा कोर्स असं सरळ नोकरीकडे नेणारं शिक्षणही इथेच मिळतं.

१९६० च्या मास्टर प्लॅनने कॅलिफोर्नियात उच्च शिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या : वर यूसी, मधे कॅल स्टेट आणि खाली सर्वांना दार उघडं असलेली ही कॉलेजं. आज ती ११६ आहेत, ७३ डिस्ट्रिक्टांत, म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत, विभागलेली. कटऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही, डोनेशन नाही. ‘मग त्यात काय मोठंसं’ हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. जिथे पन्नास लोक सहज जाऊ शकतात ते आपल्याला कमी दर्जाचं वाटतं, ही आपली जुनी खोड आहे. स्टीव्ह वॉझ्नियाक काही काळ क्युपर्टिनोच्या डी आन्झा कॉलेजात शिकला आहे, आणि त्याच कॉलेजच्या फ्लिंट सेंटरमध्ये २४ जानेवारी १९८४ ला पहिला मॅकिन्टॉश जगासमोर आला. हे सांगितलं की आजोबा लोक जरा गप्प बसतात. दुर्दैवाने ते सभागृह २०१९ मध्ये बंद झालं.

पत्रात दोन वेगवेगळे आकडे असतात, हेडकाउंट आणि एफटीईएस. खरा कुठला?

दोन्ही खरे, पण पैसे येतात ते दुसऱ्यावर.

हेडकाउंट म्हणजे नुसती डोकी. संध्याकाळी एकच योगाचा क्लास घेणाऱ्या तुमच्या शेजारीणबाईंचं एक डोकं आणि पाच विषय घेणाऱ्या मुलाचंही एकच. एफटीईएस म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याइतकं शिक्षण. आठवड्याला १५ तास, वर्षाला ३५ आठवडे, असे ५२५ तास शिकवणं झालं की एक एफटीईएस धरतात. मग तो एकाच मुलाने घेतलेला असो की दहा जणांनी वाटून घेतलेला. तीन युनिटांचा (युनिट म्हणजे आपल्याकडचं क्रेडिट) साधा क्लास सेमिस्टरभरात साधारण साडेबावन्न तासांचा होतो. म्हणजे दहा मुलं बसली की एक एफटीईएस, तीस बसली की तीन. राज्याच्या सूत्रात एका एफटीईएसला पाच हजार डॉलरच्या थोडे वर मिळतात. आता गणित तुम्हीच करा : तीस मुलांचा क्लास पंधरा हजारांचा, बारा मुलांचा सहा हजारांचा, शिकवणाऱ्याचा पगार मात्र दोन्हीकडे तोच. ‘कमी नोंदणीमुळे क्लास रद्द’ या ओळीमागे हे गणित असतं.

हे मोजतात एका ठरावीक दिवशी. त्याला सेन्सस म्हणतात, आणि नेहमीच्या क्लासांसाठी तो सत्राचा साधारण पाचवा हिस्सा संपला की येतो. त्या दिवशी यादीत नाव असलेला मोजला जातो. पुढे तो डिसेंबरपर्यंत टिकला का, याचा त्या मोजणीशी संबंध नाही. सप्टेंबर संपला की आमच्या घरी पटाचं रजिस्टर, हजेरीपत्रक आणि संचमान्यता हे तीनच विषय असायचे. दोन पोरं कमी भरली तर एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरायचा. दादा ऊसतोडीला गेलेल्या घरांची पोरं परत आणायला सायकलवर जायचे. इथल्या डीनबाई सायकलवर जात नाहीत, सेन्ससच्या आधी मेल करतात. धडपड तीच.

मग नावनोंदणी वाढतेय की घटतेय? प्रत्येक पत्रात ‘सकारात्मक कल’ असंच लिहिलेलं असतं.

कोविडच्या आधी राज्यभरात सुमारे २१ लाख विद्यार्थी होते. दोन वर्षांत ते १८ लाखांवर आले, म्हणजे तीन लाख गळाले. नोकऱ्या गेल्या, घरात एकच लॅपटॉप, लहान भावंडांना सांभाळायला कुणी नाही. आणि नंतर दुकानं-गोदामं चांगला पगार देऊ लागली तेव्हा मुलं तिकडे गेली. आता आकडा परत चढतोय हे खरं आहे. तरी ‘वाढ’ हा शब्द दिसला की दोन गोष्टी विचारा : कुठल्या वर्षाशी तुलना केली आहे, आणि वाढलेले कोण आहेत?

कारण वाढीचा मोठा भाग हायस्कूलमधल्या मुलांचा असतो. ड्युअल एन्रोलमेंट म्हणजे दहावी-अकरावीत असतानाच कॉलेजचे विषय घ्यायचे, आणि सत्राला ११ युनिटांपर्यंत त्यांना युनिटची फी लागत नाही. आपल्या मराठी घरांतली मुलं इथे धो-धो येतात. त्यात वाईट काही नाही. फक्त एक गोष्ट सांगून ठेवते. तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कायमचा बसतो. ‘उन्हाळ्यात सहज कॅल्क्युलस करून टाकेल’ म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला सहा आठवड्यांच्या क्लासात ढकलणारे आई-बाप मी पाहिले आहेत. त्या सी ग्रेडचा हिशेब यूसीचा अर्ज भरताना द्यावा लागतो.

हे ‘घोस्ट स्टुडंट्स’ काय प्रकरण आहे?

भुतं, पण बँक खातं असलेली. चोरलेल्या किंवा बनावट नावाने ऑनलाइन अर्ज करायचा, दोन-तीन ऑनलाइन क्लासांत नाव घालायचं, शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात पडले की गायब व्हायचं. अर्ज फुकट आणि दार सर्वांना उघडं, त्यामुळे ही कॉलेजं सोपं सावज ठरली. २०२४ मध्ये राज्याच्या चॅन्सलर कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे चारातला किमान एक अर्ज संशयास्पद होता.

याचा थेट फटका असा बसतो की क्लास उघडताच भरलेला दिसतो, खरी मुलं प्रतीक्षा यादीत राहतात, आणि पहिल्या आठवड्यात शिक्षक भुतं हाकलत बसतात. म्हणूनच हल्ली ‘पहिल्या दोन दिवसांत असाइनमेंट टाकली नाही तर नाव काढू’ असा मेल येतो. तो धमकी म्हणून घेऊ नका, आणि दुर्लक्षही करू नका. ओळखपत्र पडताळायला बोलावलं तर ‘आम्हालाच का?’ असं वाटून घेऊ नका.

ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात सगळ्या शाळांची एकदम पटपडताळणी झाली होती ती आठवते? पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून मोजलं होतं, आणि कागदावरचा पट आणि बाकावरचा पट यांतलं अंतर सगळ्या राज्याने पाहिलं. तिथे खोटी नावं संस्थेने भरलेली असत. इथे संस्थाच फसवली जाते. हा फरक मात्र महत्त्वाचा आहे.

कॉलेजला पैसे नक्की कुठून मिळतात? आमच्या फीमधून?

फीमधून चालवायचं म्हटलं तर दिवे लागणार नाहीत. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. २०१२ पासून हाच दर आहे. पंधरा युनिटांचं पूर्ण सेमिस्टर ६९० डॉलर. डी आन्झा आणि फूटहिलला क्वार्टर पद्धत आहे, तिथे ३१ डॉलर. १९८४ पर्यंत तर युनिटची फी नव्हतीच. त्या वर्षी पाच डॉलरने सुरुवात झाली आणि तेव्हाही केवढा गदारोळ झाला होता! त्यात भर म्हणजे कमी उत्पन्नाच्या खूप विद्यार्थ्यांची ही फीसुद्धा माफ असते.

खरा पैसा दोन नळांतून येतो : राज्याचा खजिना आणि स्थानिक मालमत्ता कर. १९८८ च्या प्रॉपोझिशन ९८ ने, म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या कायद्याने, शाळा आणि कम्युनिटी कॉलेजं मिळून राज्याच्या बजेटमधला किमान वाटा बांधून दिला; त्या वाट्यातले साधारण ११ टक्के कॉलेजांना, बाकी सगळे शाळांना. राज्याचं उत्पन्न शेअर बाजारातल्या नफ्यावर फार हलतं. त्यामुळे जानेवारीत राज्यपालांचं बजेट आलं की एक पत्र, मेमध्ये सुधारित बजेट आलं की दुसरं, आणि दोन्हींचा सूर वेगळा. मेच्या पत्राआधी कुठलीच बातमी पक्की समजू नका.

२०१८-१९ पासून राज्याचं वाटपाचं सूत्र असं आहे : साधारण ७० टक्के पटावर, २० टक्के किती गरजू विद्यार्थी शिकतात यावर, १० टक्के किती जणांनी पदवी, प्रमाणपत्र किंवा ट्रान्सफर मिळवली यावर. म्हणून कॉलेजं ‘फाफ्सा भरा, फाफ्सा भरा’ (फाफ्सा म्हणजे केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज) असा घोशा लावतात. तो तुमच्या भल्यासाठी आहेच, पण प्रत्येक पात्र अर्जामागे कॉलेजच्या झोळीतही काही पडतं. एकाच कामात दोघांचं भलं होत असेल तर लाजायचं कशाला?

काही डिस्ट्रिक्टांचं गणितच निराळं. सॅन मटेओ, मरीन, वेस्ट व्हॅली-मिशन यांच्या हद्दीत घरांच्या किमती इतक्या चढल्या की मालमत्ता कर सूत्राच्या आकड्याला ओलांडून जातो. तो जास्तीचा पैसा त्यांच्याकडेच राहतो, पट घसरला तरी. सॅन मटेओने तर २०२२ मध्ये कायदा करून घेऊन स्वतःच्या पैशातून विद्यार्थ्यांची फी माफ करायला सुरुवात केली. पलीकडच्या गावात तीच फी, तसेच शिक्षक, आणि क्लास रद्द. शेजारच्या कॉलेजचं पत्र आपल्या कॉलेजला लागू होत नाही, ते यामुळे.

‘होल्ड हार्मलेस’ हा शब्द सारखा येतो. तो चांगला की वाईट?

आतापर्यंत उशी, आता ओझं. नवं सूत्र आल्यावर ज्यांचं उत्पन्न कमी भरत होतं त्यांना राज्याने जुन्या रकमेचं संरक्षण दिलं आणि महागाईप्रमाणे ती वाढवतही नेली. २०२५-२६ पासून ती रक्कम २०२४-२५ च्या आकड्यावर गोठली आहे. महागाईची वाढ नाही. पगार, विमा, वीज सगळं चढतं आणि तळ तिथेच. तुमच्या अध्यक्षांच्या पत्रात ‘आम्ही होल्ड हार्मलेसवर आहोत’ असं वाक्य असेल तर पुढच्या दोन-तीन वर्षांत रिकाम्या जागा भरल्या जाणार नाहीत असं समजून चाला.

क्लास चालवायला पैसे नाहीत म्हणतात, आणि समोर कोट्यवधींची इमारत उभी राहतेय. हे कसं?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वेळी प्रश्न विचारणारा आधीच चिडलेला असतो. मीही होते.

ते दोन वेगळे खिसे आहेत आणि कायद्याने एकातला पैसा दुसऱ्यात घालता येत नाही. इमारत बॉण्डमधून होते. स्थानिक मतदार कर्ज काढायला परवानगी देतात, २००० च्या प्रॉपोझिशन ३९ प्रमाणे त्याला ५५ टक्के मतं पुरतात, आणि ते कर्ज तुमच्या घराच्या करातून वर्षानुवर्षं फिटतं. त्यातून भिंती, वर्ग, प्रयोगशाळा, सौर पॅनल करता येतात. पगार देता येत नाही. म्हणजे नवी कोरी केमिस्ट्री लॅब आणि तिच्यात शिकवायला माणूस नाही, हे चित्र कुणाचा गैरव्यवहार नसतानाही तयार होऊ शकतं. गैरव्यवहार कधीच नसतो असं नाही, म्हणून अशा बॉण्डवर नागरिकांची देखरेख समिती बंधनकारक आहे. तिच्या सभांना गर्दी होत नाही. एका सभेला मी धरून चार प्रेक्षक होते.

चांगले शिक्षक एका सत्रानंतर दिसत नाहीत. काउन्सेलरची अपॉइंटमेंट तीन आठवडे मिळत नाही. हे नेतृत्वाला दिसत नाही का?

दिसतं. तुमच्या मुलाचे कित्येक शिक्षक अर्धवेळ आहेत, आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखे. एका डिस्ट्रिक्टमध्ये त्यांना पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त तास देता येत नाहीत, म्हणून सकाळी इथे, दुपारी चाळीस मैलांवर तिथे. त्यांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. १९८८ च्या कायद्याने ७५ टक्के शिकवणं पूर्णवेळ शिक्षकांनी करावं असं ध्येय ठेवलं होतं. ध्येय अजून ध्येयच आहे.

काउन्सेलरची अडचण आणखी गमतीदार. कायदा सांगतो की शिक्षणावरच्या चालू खर्चाचा निम्मा भाग वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर गेला पाहिजे. काउन्सेलर आणि ग्रंथपाल त्या निम्म्यात धरत नाहीत. म्हणजे जास्त काउन्सेलर नेमले की कॉलेज नियमाच्या चुकीच्या बाजूला सरकतं. विद्यार्थी मागतात, अध्यक्षांना पटतं, आणि हिशेबनीस मान हलवतो. तोवर उपाय एकच : नोंदणीच्या आठवड्यात काउन्सेलर शोधू नका, सत्राच्या मध्यावर जा, तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात.

ट्रान्सफर खरंच होते, की नुसतं ब्रोशरमध्ये?

होते. यूसीच्या सहा कॅम्पसकडून प्रवेशाची लेखी हमी मिळू शकते : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. एकाच कॅम्पसची हमी घेता येते आणि तिचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्येच भरायचा. बर्कली, लॉस अँजेलिस आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत. आजीने पुण्यात ‘नातू बर्कलीला जाणार’ असं सांगून ठेवलं असेल तर तिला हळूच सांगा.

आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. तिला रहिवासी फी लागेल ना?

सहसा हो; वर्षाहून जास्त काळ राज्यात राहत असाल आणि ते कागदांनी दाखवता आलं तर. पेल ग्रँटसारखी केंद्राची मदत मात्र एच-४ला मिळत नाही. खरा पेच २१ व्या वाढदिवसाचा. तेव्हा एच-४ संपतो, ग्रीन कार्डाची रांग हललेली नसते, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलं की ती बाहेरची विद्यार्थिनी ठरून फी कित्येक पटींनी वाढते. अठराव्या वर्षीच वकील आणि प्रवेश कार्यालय दोघांशी बोला. अध्यक्षांच्या पत्रात याबद्दल एक ओळही नसते, पण आपल्या लोकांच्या रात्रीच्या झोपेत सगळ्यात जास्त हेच असतं.

कॅम्पसवर जीवन उरलंय का? गेलो तेव्हा पार्किंग रिकामं होतं.

ऑनलाइन क्लास कोविडबरोबर आले आणि राहिले, कारण काम करून शिकणाऱ्यांना तेच सोयीचे. त्यामुळे दुपारी दोननंतर शुकशुकाट असतो हे खरं. वसतिगृह बहुतेक ठिकाणी नाहीच. कोस्टा मेसाच्या ऑरेंज कोस्ट कॉलेजने २०२० मध्ये आठशेच्या वर खाटांचं बांधलं, तो अजून अपवादच वाटतो.

पण गर्दी बघायची तर फूड पँट्रीसमोर बघा. २०२१ च्या कायद्याने प्रत्येक कॉलेजला मूलभूत गरजांचं केंद्र सुरू करावं लागलं : धान्य, घरभाड्याची तातडीची मदत, कुठे कपडे. सिलिकॉन व्हॅलीत गाडीत झोपून शिकणारी मुलं आहेत, हे मला मुलाच्या लॅब पार्टनरमुळे कळलं, पत्रामुळे नाही. पत्रात ‘विद्यार्थी सहाय्य सेवांचा विस्तार’ एवढंच होतं. तुमच्या मुलालाही तिथून दूध-ब्रेड घ्यायला हरकत नसते. ‘आपण कशाला घ्यायचं’ म्हणून नाक मुरडू नका. आणि खरंच गरज नसेल तर मुलाला तिथे तास-दोन तास कामाला पाठवा.

चॅन्सलर म्हणजे आपले कुलपती का?

नाही. आपल्याकडे राज्यपाल हे कुलपती, म्हणजे मुख्यतः पदवीदानाला येणारे. इथे अध्यक्ष एक कॉलेज चालवतात, डिस्ट्रिक्टचे चॅन्सलर अशी दोन-चार कॉलेजं, आणि राज्याच्या चॅन्सलर सगळी ११६ पाहतात. २०२३ पासून त्या पदावर सोन्या ख्रिश्चन आहेत, मूळच्या केरळच्या. डिस्ट्रिक्टच्या चॅन्सलरना नेमतं आणि काढतं ते ट्रस्टी मंडळ, आणि ट्रस्टी तुम्ही-आम्ही निवडून देतो. मतपत्रिकेत अगदी खाली, जिथे पोचेपर्यंत आपण कंटाळलेलो असतो तिथे.

कॉलेजची मान्यता जाईल अशी बातमी आहे. घाबरायचं का?

‘वॉर्निंग’ आणि ‘मान्यता रद्द’ यांत फार अंतर आहे. सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेजची मान्यता काढण्याचा निर्णय २०१३ मध्ये झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१७ मध्ये ती पूर्ण कायम झाली. एक दिवसही कॉलेज मान्यतेविना नव्हतं. पण तेवढ्या वर्षांत हजारो विद्यार्थी घाबरून निघून गेले, आणि पट गेला की पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आमचं म्हणणं मांडायचं कुठे?

ट्रस्टींच्या सभेत. ब्राउन कायद्याप्रमाणे (स्थानिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवणारा राज्याचा कायदा) नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो आणि लोकांना बोलू द्यावं लागतं, साधारण तीन मिनिटं. मुलाचा शेवटचा आवश्यक विषय रद्द झाला तेव्हा मी गेले होते. दोन मिनिटं इंग्रजी जुळवण्यात गेली, तिसऱ्या मिनिटाला मुद्दा आला. ट्रस्टींना त्यावर तिथेच चर्चा किंवा निर्णय करता येत नाही, कारण विषय अजेंड्यावर नसतो. नुसती मान हलवतात. मी चिडून घरी आले. आठवड्याने डीनचा फोन आला : असे किती विद्यार्थी अडकलेत, नावं देता का? अकरा निघाले. क्लास उन्हाळ्यात उघडला. अकरा म्हणजे त्यांच्या भाषेत एकाहून थोडा जास्त एफटीईएस.

आणि क्लास सोडायचाच असेल तर?

तीन तारखा फ्रिजवर चिकटवा. पहिली, पैसे परत मिळण्याची. सेमिस्टरच्या नेहमीच्या क्लासांना ती बहुधा दुसऱ्या आठवड्याअखेर असते. दुसरी, ट्रान्स्क्रिप्टवर डाग न पडता सोडण्याची. ती सेन्ससच्या आसपास. तिसरी, ‘डब्ल्यू’ (म्हणजे ‘मधेच सोडला’ हा शेरा) घेऊन सोडण्याची. सत्राचा पाऊण भाग संपेपर्यंत. छोट्या मुदतीच्या क्लासांना या तारखा फार लवकर येतात, त्या विद्यार्थ्याच्या पोर्टलवर क्लासच्या नावापुढे दिसतात. नुसतं जायचं बंद केलं म्हणजे नाव निघतं असं समजू नका; तसं केलेल्या एका मुलीला एफ मिळाला, आणि तो काढायला अर्ज, पुरावे, समिती असं वर्ष गेलं.